युद्ध सुरू असताना नगरपालिका काय करते?

युद्धाच्या बातम्यांत आपल्याला रणगाडे दिसतात, नकाशावरचे बाण दिसतात, राष्ट्राध्यक्षांची भाषणं ऐकू येतात. पण ज्या गावावर रात्री ड्रोन पडलं, तिथल्या माणसाचे सकाळचे प्रश्न वेगळे असतात. सगळ्या खिडक्यांच्या काचा गेल्यात, बाहेर बर्फ आहे, आज रात्रीपुरतं लावायला काही मिळेल का? नळाला पाणी कधी येणार? शाळेच्या तळघराची किल्ली कोणाकडे असते? हे प्रश्न घेऊन कोणी संरक्षण मंत्रालयात जात नाही. माणूस नगरपालिकेत जातो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने हल्ला केल्यापासून युक्रेनमधल्या शेकडो लहान शहरांत हे रोज चाललंय. वीस हजार, पस्तीस हजार, फार तर लाखभर वस्तीची ही शहरं. त्यांची नावं जगाच्या बातम्यांत एखादवेळेस येतात आणि जातात. तिथला नगराध्यक्ष, पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर, खिडकीपलीकडे बसलेली लिपिक बाई, हे लोक नेमकं काय करतात, कुठल्या गोष्टी त्यांच्या हातात असतात आणि कुठल्या नसतात, ते इथे सोपं करून सांगतो. सुमीमध्ये अडकलेले सुमारे सातशे भारतीय विद्यार्थी ८ मार्च २०२२ ला पोल्टावाकडे बाहेर काढले गेले, तेव्हा आपल्याकडच्या अनेक घरांनी श्वास रोखून बातम्या पाहिल्या. त्याच सुमी प्रांतातलं एक लहान शहर या लेखात पुढे येणार आहे.

आधी रचना समजून घेऊ

२०१४ पर्यंत युक्रेनमध्ये दहा हजारांहून जास्त छोट्या ग्रामपरिषदा होत्या. बहुतेकींच्या तिजोरीत पगारापुरते पैसे, बाकी सगळं वरून मागून आणायचं. त्या वर्षी सुधारणा सुरू झाली आणि २०२० पर्यंत या सगळ्यांचं एकत्रीकरण होऊन देशभरात १,४६९ मोठ्या स्थानिक संस्था झाल्या. त्यांना ह्रोमादा म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर तालुक्याच्या गावची नगरपरिषद आणि भोवतालच्या पंधरा-वीस ग्रामपंचायती मिळून एकच संस्था. बाहेरच्या एका किंवा काही गावांसाठी मिळून एक स्तारोस्ता असतो. दाखल्यांपासून तक्रारींपर्यंत बरंचसं त्याच्यामार्फत जातं.

नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडून येतो. इथपर्यंत आपल्यासारखंच. पण आपल्याकडे प्रशासन चालवायला राज्य सरकारने नेमलेला मुख्याधिकारी असतो, तिथे तसा कोणी नाही. प्रशासनाचा प्रमुखही नगराध्यक्षच. काम झालं तर त्याचं, अडलं तरी त्याचंच. शिवाय नोकरदारांच्या आयकरातला साठ टक्के वाटा, आणि आता त्याहून थोडा जास्त, थेट स्थानिक तिजोरीत राहतो. पाणी, शाळा, दवाखाना, बस, कचरा ही कामं त्या पैशातून होतात.

माझ्या मते युद्धात ही शहरं टिकून राहिली त्याचं मोठं कारण इथे आहे. राजधानीतून आदेश येण्याची वाट पाहावी लागू नये एवढे अधिकार आणि एवढे पैसे युद्धाच्या आधीच गावात पोचलेले होते.

पहिले आठवडे

वोझ्नेसेन्स्क हे दक्षिणेकडचं सुमारे ३५ हजार वस्तीचं शहर. मार्च २०२२ च्या सुरुवातीला रशियन तुकड्या तिथे पोचल्या. पलीकडे, तीसेक किलोमीटरवर अणुवीज केंद्र, आणि तिकडे जाणारा रस्ता याच गावातून. नगराध्यक्ष येव्हेनी वेलिच्को तेव्हा जेमतेम तिशीतले होते. गावातल्या बांधकाम व्यावसायिकांकडची खोदाईची यंत्रं वापरून नदीकाठ असा कापला गेला की तिथून वाहनं उतरू नयेत. रस्ते अडवले गेले. मेर्त्वोवीद नदीवरचा पूल सैन्याने उडवला. लढाई सैन्याने आणि स्थानिक स्वयंसेवकांनी केली, पण जेसीबी कोणाकडे आहे आणि डिझेल कोणाकडे, हे ठाऊक असणारा माणूस नगरपालिकेतला होता.

सुमी प्रांतातलं त्रोस्त्यानेत्स याहून लहान, साधारण वीस हजारांचं. रशियाची सीमा जवळ. पहिल्याच दिवशी रणगाडे आले आणि २६ मार्च २०२२ पर्यंत गाव ताब्यात राहिलं. नगराध्यक्ष युरी बोवा गावाच्या आसपास लपून राहून फोनवरून औषधं, अन्न आणि माहितीची जुळवाजुळव करत राहिले. गाव सुटलं तेव्हा रुग्णालय फोडलेलं होतं, रेल्वे स्टेशनच्या चौकात जळकी चिलखती वाहनं उभी होती.

सगळ्यांचं असं झालं नाही. झापोरिझ्झिया प्रांतातल्या द्निप्रोरुद्ने या छोट्या शहराचे नगराध्यक्ष येव्हेन मात्वेयेव यांना मार्च २०२२ मध्ये रशियन सैन्याने उचलून नेलं. त्यांचा मृतदेह परत आल्याचं डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झालं. कीव्हजवळच्या मोतिझिन गावच्या प्रमुख ओल्हा सुखेन्को यांना त्यांच्या नवऱ्यासह आणि मुलासह मारण्यात आलं. ज्यांच्याकडे लोक अडचणी घेऊन जातात त्यांना आधी उचलायचं, म्हणजे गावाला विचारायला कोणी उरत नाही. ताबा घेणाऱ्याला हे चांगलं माहीत होतं.

‘त्यांच्याकडे लाईट आहे, आमच्याकडे का नाही?’

ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने वीज केंद्रांवर आणि उपकेंद्रांवर मारा सुरू केला. तेव्हापासून हिवाळ्यात सर्वाधिक तक्रारी याच येतात.

वीज कोण बंद करतं? नगरपालिका नाही. देशाची वीजवाहिनी सांभाळणारी उक्रएनेर्हो ही कंपनी ठरवते की आज अमुक प्रांताने इतकी वीज कमी वापरायची. प्रांताची वितरण कंपनी ती कपात ग्राहकांच्या गटांत वाटते आणि प्रत्येक पत्त्याला आपला गट माहीत असतो. वेळापत्रक लागतं, घराघरांत फ्रिजवर चिकटवलं जातं, कपडे धुणं आणि स्वयंपाक त्यावर ठरतो.

आता एका गल्लीत बारा तास अंधार आणि समोरच्या गल्लीत दिवे चालू. लोकांच्या मनात एकच येतं: तिकडे कोणीतरी वजनदार राहत असणार. बहुतेक वेळा कारण साधं असतं. समोरची गल्ली ज्या वाहिनीवर आहे तिच्यावरच रुग्णालय आहे किंवा पाण्याचा पंप आहे. ती वाहिनी बंद केली तर पंप थांबतो, पंप थांबला तर गावभर पाणी थांबतं, आणि कडाक्याच्या थंडीत पाइपातलं पाणी गोठलं की पाइप फुटतात. म्हणून त्या वाहिनीला हात लावत नाहीत.

हे समजावून सांगायचं काम नगराध्यक्षाकडे येतं, कारण वितरण कंपनीच्या साहेबाला गावात कोणी ओळखत नाही. आणि इथे एक खरी पंचाईत आहे. लोकांचा संशय मिटवायचा सरळ मार्ग म्हणजे कुठली वाहिनी कुठल्या पंपाला जाते याचा नकाशा लावून टाकणे. पण तोच नकाशा शत्रूला हवा असतो. मारा झाल्यावर फोटो कधी टाकायचे यावरही माध्यमांना बंधनं आहेत: नागरी ठिकाण असेल तर तीन तास थांबायचं, लष्करी असेल तर बारा तास. म्हणजे शांततेच्या काळात ‘सगळं उघड करा’ हे उत्तर बरोबर असतं, युद्धात ते अर्धंच वापरता येतं. मग उरतो तो भरवसा, आणि तो आयत्या वेळी मिळवता येत नाही.

जे हातात असतं ते मात्र नगरपालिका करते. नोव्हेंबर २०२२ मध्ये देशभर ‘अजिंक्यता केंद्रं’ सुरू झाली. शाळेत, ग्रंथालयात, नाहीतर तंबूत जनरेटर लावायचा. ऊब, गरम चहा, पाणी, फोन चार्ज करायला जागा, इंटरनेट, प्रथमोपचार, सगळं फुकट. जनरेटर चालवायला माणूस आणि डिझेल लागतं, ते स्थानिक संस्थेने बघायचं. ज्याचा ऑक्सिजनचा यंत्रसंच घरी विजेवर चालतो असा रुग्ण कुठल्या इमारतीत आहे, हे समाजकल्याण विभागाच्या बाईला ठाऊक असतं. अशा ठिकाणी लहान गाव असण्याचा फायदा होतो.

किल्ली कोणाकडे?

निवाऱ्यांचा प्रश्न जास्त गंभीर आहे. भोंगा वाजला, माणसं धावत तळघराशी गेली आणि दाराला कुलूप. १ जून २०२३ ला पहाटे कीव्हमध्ये असंच झालं. दवाखान्याच्या बंद निवाऱ्यासमोर तीन जण मेले, त्यांत एक नऊ वर्षांची मुलगी आणि तिची आई होती. त्यानंतर देशभरातल्या निवाऱ्यांची तपासणी झाली आणि असंख्य तळघरं बंद किंवा वापरायला नालायक निघाली.

कुलूप लावण्यामागे दरवेळी निष्काळजीपणाच असतो असं नाही. तळघर कधी इमारतीतल्या रहिवाशांच्या मालकीचं असतं, कधी शाळेचं, कधी दुकानदाराला भाड्याने दिलेलं. उघडं ठेवलं तर चोऱ्या होतात, दारुडे झोपतात. शाळेचा शिपाई किल्ली घेऊन घरी जातो आणि संचारबंदीत परत येऊ शकत नाही. त्यामुळे ‘निवारा आहे का’ एवढं विचारून भागत नाही. रात्री दोन वाजता तो कोण उघडणार, तो माणूस किती लांब राहतो, त्याच्याकडची किल्ली हरवली तर दुसरी कोणाकडे, हे विचारावं लागतं. ज्या गावांनी दारावर किल्लीवाल्याचं नाव आणि फोन लावला किंवा भोंग्याबरोबर आपोआप उघडणारी कुलपं बसवली, तिथे हा प्रश्न सुटला.

७ मे २०२५ साठी भारतात नागरी संरक्षणाचा सराव जाहीर झाला, तेव्हा यादीत उरण, तारापूर, मनमाड, भुसावळ अशी आपल्या ओळखीची नावं होती. आपल्याकडे १९६८ च्या कायद्यानुसार हे काम मुख्यतः जिल्हा पातळीवरून चालतं. पण भोंगा वाजल्यावर भुसावळच्या माणसाने कुठल्या इमारतीत जायचं आणि तिचं दार कोण उघडणार, हे गावातच ठरवावं लागेल.

फुटलेली काच आणि आजोबांच्या नावावरचं घर

मारा झाल्यानंतर काय घडतं ते क्रमाने पाहू. आधी अग्निशमन आणि बचाव दल, मग पोलीस. त्यांच्या मागोमाग नगरपालिकेची माणसं येतात. अंगणातच टेबलं मांडली जातात. एका टेबलावर नुकसानीचा अर्ज, एकावर पोलिसांची नोंद, एकीकडे मानसोपचारतज्ज्ञ, एकीकडे चहा. ट्रकमधून प्लास्टिकचा जाड कागद आणि दाबलेल्या लाकडाच्या पाट्या उतरतात, त्या खिडक्यांच्या मापाने कापून ठोकल्या जातात. घरात अंधार होतो, पण वारा थांबतो. आपल्याला हे काम किरकोळ वाटेल. पण थंडीत ज्या म्हाताऱ्या बाईच्या चारही खिडक्या गेल्या आहेत तिच्यासाठी त्या दिवशी याहून मोठं काही नसतं.

कायमच्या दुरुस्तीचे पैसे केंद्र सरकार देतं. मे २०२३ पासून त्यासाठी योजना सुरू आहे. फोनवरच्या ‘दिया’ या सरकारी ॲपमधून किंवा नगरपालिकेच्या सेवा केंद्रातून अर्ज करायचा. नगरपालिकेने नेमलेली समिती येऊन पाहणी करते, मोजमापं घेते, काय काय दुरुस्त करावं लागेल ते लिहिते. मंजुरी मिळाली की पैसे एका वेगळ्या कार्डावर येतात आणि त्यातून फक्त बांधकाम साहित्य आणि मजुरी देता येते. मर्यादा फ्लॅटसाठी साडेतीन लाख ह्रिव्निया (हे युक्रेनचं चलन), स्वतंत्र घरासाठी पाच लाख. घर पूर्णच गेलं असेल तर दुसरं घर घेण्यासाठी प्रमाणपत्र मिळतं.

अडतं कुठे? कागदात. मालकी हक्काची इलेक्ट्रॉनिक नोंदवही २०१३ पासूनची. खेड्यातली कितीतरी घरं जुन्या कागदी दप्तरातच राहिली. घर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली, वारसनोंद केलीच नाही कारण कधी गरज पडली नाही. सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव वागवणाऱ्या आपल्या लोकांना ही अडचण समजावून सांगायला नको. आता घराची एक भिंतच उरलीय आणि मालकी सिद्ध करायचीय. अशा वेळी सेवा केंद्रातली कर्मचारी जुनं दप्तर शोधते, वकिलाकडे पाठवते, अर्ज पुन्हा भरून घेते. समितीत बसायला इंजिनिअर मिळत नाही, कारण तो सैन्यात गेलेला असतो. म्हणून पाहणीला उशीर होतो, आणि उशिराची तक्रार पुन्हा नगराध्यक्षाकडेच येते. तक्रार अर्जांचा कायदा १९९६ चा आहे: साध्या अर्जाला पंधरा दिवसांत उत्तर, एरवी महिनाभरात, फार तर ४५ दिवसांत.

पाण्याचं एकच उदाहरण सांगतो. निकोपोल हे काखोव्का जलाशयाच्या काठचं शहर, समोरच्या काठावर रशियन ताब्यातलं झापोरिझ्झिया अणुकेंद्र. ६ जून २०२३ ला काखोव्का धरण फुटलं, जलाशय आटला आणि निकोपोल, मार्हानेत्स, पोक्रोव्ह या शहरांचे नळ कोरडे पडले. टँकर सुरू झाले. पण पलीकडच्या काठावरून तोफा चालत असताना टँकरपुढे रांग लावणं म्हणजेच धोका. तोफगोळा इतक्या जवळून येतो की भोंग्याला वेळच मिळत नाही. पुढे दुसऱ्या स्रोतांतून मिळून सुमारे दीडशे किलोमीटरच्या जलवाहिन्या टाकाव्या लागल्या, आणि ते काम कुठल्याही नगरपालिकेच्या आवाक्याबाहेरचं होतं, ते केंद्र सरकारने केलं.

पैसे आहेत, पण खर्च करता येत नाहीत

रस्त्यावरचा खड्डा का बुजत नाही, हा प्रश्न युद्धातही विचारला जातो आणि विचारायलाच हवा. याचं उत्तर लोकांना पटायला सगळ्यात अवघड जातं. युक्रेनमध्ये स्थानिक संस्थेचे पैसेही सरकारी कोषागारातून फिरतात. युद्धकाळात कोषागाराने क्रम लावून दिलाय: आधी संरक्षण, पगार आणि अत्यावश्यक गोष्टी, बाकीचं मागून. म्हणजे पासबुकात रक्कम दिसते, पण काउंटरवरचा माणूस ‘आज नाही’ म्हणतो.

याची दुसरी बाजूही आहे. २०२३ च्या उन्हाळ्यापासून अनेक शहरांत लोक फलक घेऊन नगरपालिकांसमोर उभे राहिले: ‘पैसे सैन्याला द्या.’ चौकात नवी फरसबंदी, उद्यानाची सजावट, स्टेडियम यांवर खर्च होत होता आणि मुलं आघाडीवर ड्रोनसाठी वर्गणी मागत होती. मला हा राग न्याय्य वाटतो. पण त्यात एक गुंता आहे. गटार दुरुस्त करणं ही चैन आहे का? निवाऱ्याच्या छताची गळती? वाट बदलून आलेल्या अवजड वाहनांनी उखडलेला रस्ता, ज्यावरून रुग्णवाहिका जाते? प्रत्येक खर्चाला ‘हे आत्ता कशाला’ असं विचारलं जातं आणि नगरसेवकांना उत्तर द्यावं लागतं. सभेत काय ठरतं ते लोकांना दिसावं म्हणून २०२४ मध्ये सभांचं चित्रीकरण लोकांना उपलब्ध करून देण्याचा कायदाही झाला.

त्याच सुमारास केंद्र सरकारने एक मोठा निर्णय घेतला. सैनिकांच्या पगारावरचा आयकर तोवर त्यांची तुकडी जिथे नोंदलेली असेल त्या गावाला मिळायचा. युद्धात सैन्य वाढलं तसा काही गावांचा महसूल फुगला, बाकीच्यांना काहीच नाही. ऑक्टोबर २०२३ पासून हा कर केंद्राकडे वळवला आणि संरक्षणावर खर्च होऊ लागला. हेतू योग्य होता. पण आघाडीजवळच्या ज्या शहरांत कारखाने बंद पडले होते आणि हाच एक उत्पन्नाचा आधार उरला होता, त्यांना तो फार जाणवला.

स्तारोस्ता दारात आला की

विस्थापितांबद्दल थोडक्यात: नोंदणी स्थानिक सेवा केंद्रात होते, पात्र कुटुंबांना महिन्याला प्रौढामागे दोन हजार ह्रिव्निया आणि मुलामागे तीन हजार अशी मदत केंद्र सरकार देतं, आणि अनेक ठिकाणी विस्थापितांच्या सल्लागार परिषदा आहेत. घरभाडं ही त्यांची मोठी तक्रार, आणि त्यावर नगरपालिकेकडे फारसं औषध नाही.

यापेक्षा अवघड एक गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल फार लिहिलं जात नाही. सैन्यभरतीच्या नोटिसा पोचवायच्या कामात स्थानिक संस्थांना मदत करावी लागते. म्हणजे जो स्तारोस्ता थंडीसाठी सरपण घेऊन येतो तोच एक दिवस मुलाच्या नावाची नोटीस घेऊन येतो. आणि पुढे कधीतरी भरती कार्यालयाच्या माणसाबरोबर तोच तिसऱ्यांदा दारात उभा राहतो, मुलगा गेल्याचं सांगायला. गावात त्याची गाडी रस्त्याला लागली की पडदे हलतात, आज कोणाकडे वळतेय म्हणून. त्यानंतरची कामंही त्याचीच: दफनभूमीत जागा, कुटुंबाच्या भरपाईचे कागद, अंत्ययात्रा कुठल्या रस्त्याने जाईल ते कळवणं. लोक दुतर्फा गुडघे टेकून बसलेले असतात. ज्यांचा मुलगा बेपत्ता आहे त्या आया नगरपालिकेसमोर फोटो घेऊन जमतात, आणि त्यांना द्यायला नगराध्यक्षाकडे काहीही माहिती नसते. तरी त्याने बाहेर येऊन उभं राहावं एवढी अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे.

निवडून दिलेला माणूस कुठपर्यंत?

लष्करी कायद्यानुसार राष्ट्राध्यक्ष एखाद्या शहरात लष्करी प्रशासन नेमू शकतात. आघाडीजवळच्या आणि ताब्यातल्या गावांत ते गरजेचं असतं, कारण नगरसेवक पांगलेले असतात, गणपूर्ती होत नाही, निर्णय मात्र तासाभरात हवे असतात. संसदेने ठरवलं तर परिषदेचे सगळे अधिकारही त्या प्रशासनाच्या प्रमुखाकडे जातात. काही ठिकाणी निवडून आलेले आणि नेमलेले असे दोघे शेजारी बसतात, आणि त्यांचं पटलं नाही तर रहिवाशाला कळत नाही की पाइप फुटल्याचा अर्ज कोणाच्या टेबलावर ठेवायचा. आघाडीपासून लांबच्या शहरांत अशी नेमणूक झाली की ती खरंच सुरक्षेसाठी आहे की राजकारणासाठी, हा वाद होतो. तो वाद लोकांनी घातलाच पाहिजे असं मला वाटतं, युद्ध चालू असलं तरी.

सध्याच्या परिषदा २५ ऑक्टोबर २०२० ला निवडून आल्या. मुदत पाच वर्षांची, ती २०२५ मध्ये संपली, पण लष्करी कायदा लागू असताना निवडणूक घेता येत नाही, म्हणून त्याच परिषदा काम करतायत. काही नगरसेवक सैन्यात आहेत, काही मेले, काही देश सोडून गेले. निवडणूक लागेल तेव्हा पहिला प्रश्न मतदारयादीचा असेल. २०२० पासून विस्थापिताला आपला मतदानाचा पत्ता बदलून घेता येतो. म्हणजे तीन-चार वर्षं नव्या गावात राहिलेल्या कुटुंबाला ठरवावं लागेल की मत इथल्या पाण्यासाठी द्यायचं, की ज्या गावाला परत जायचंय तिथल्या परिषदेसाठी.